ट्रॉल्या नंतर, आधी मोरी

प्रश्न : गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५६. सत्तावीस वर्षं डोंबिवलीत काढल्यावर नवरा निवृत्त झाला आणि दोघं गावच्या चिरेबंदी घरात राहायला आले. घरात ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत. स्वयंपाकघर अकरा फूट बाय चौदा. त्यात सत्तावीस इंच उंचीचा कडप्प्याचा बुटका ओटा आणि एकच खिडकी. मागचं दार उघडलं की पडवी, तिथे चूल, पाटा, मोरी आणि लाकडं. ताई लिहितात, ‘डबे, बरण्या, टोप सगळं उघड्यावर. ओट्याशी वाकून पाठ भरून येते. पहिल्याच पावसाळ्यात पापडांपासून पोळपाटापर्यंत सगळ्याला बुरशी धरली.’ पुण्याच्या मुलाने एका मॉड्युलर किचनवाल्याकडून आराखडा करून पाठवला आहे : पडवी भिंत घालून आत घ्यायची, चूल काढायची, यू आकाराचा ओटा, छतापर्यंत कपाटं, खाली ट्रॉल्या. खर्च पावणेचार लाख. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘माझ्या माघारी काय ते करा.’ नवरा गप्प. ताईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. समुद्राजवळ मॉड्युलर टिकतं का, आणि सासूबाईंना कसं समजवायचं?

उत्तर :

ताई,

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच अडकलं आहे.

तुमच्या पत्रात ट्रॉल्यांचे प्रकार आले आहेत, शटरचा रंगही आला आहे. सासूबाई दिवसभरात स्वयंपाकघरात काय करतात, हे मात्र एका ओळीतही नाही. मी अंदाज बांधते. सकाळी चूल पेटवून आंघोळीचं पाणी तापवत असतील. पाटावर बसून विळीवर भाजी चिरत असतील, नारळ खोवत असतील. मासळीवाली आली की मागल्या दारी बसून मासे त्याच साफ करत असतील. गॅसपाशी आता फारशा उभ्या राहत नसतील. म्हणजे त्यांचं जवळजवळ सगळं काम बसून होतं आणि पडवीत होतं. आता मुलाचा आराखडा पुन्हा उघडा. त्यात बसायची जागा कुठे आहे? पडवी तर नाहीच.

‘माझ्या माघारी काय ते करा’ हा तुम्हाला नकार वाटला. मला वाटतं, बाईंनी नकाशा बरोबर वाचला आहे. त्यात त्या नाहीत, म्हणून त्या नसतानाच तो होऊ दे म्हणतात.

तेव्हा समजवायच्या भानगडीत पडू नका, विचारा. तेही ‘करू का?’ असं नको, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. ‘विळी कुठे ठेवली तर तुम्हाला उजेड मिळेल?’ ‘नळ किती उंचीवर हवा?’ ‘आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं सामान तुम्ही कुठे ठेवायचात?’ हा शेवटचा प्रश्न नुसता मान राखायला नाही. इतके पावसाळे त्या घरात काढलेल्या माणसाला कुठली भिंत ओल धरते, मुंग्या कुठून निघतात, वाळवी आधी कुठे लागते, हे माहीत असतं. मॉड्युलरवाल्याला ते माहीत असायचं काही कारण नाही. तुमच्या पोळपाटाला पहिल्याच पावसात बुरशी आली. त्यांचा पोळपाट इतकी वर्षं कसा टिकला, हे विचाराच. बहुधा उत्तर येईल की तो धुतल्यावर चुलीजवळ उभा असायचा.

पत्रात आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. सामान दिसतंय म्हणजे पसारा, आणि ते दारामागे गेलं की व्यवस्था. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ते बऱ्याच अंशी खरं होतं. किराणा लागेल तसा यायचा आणि स्वयंपाकाला तुम्ही एकट्या. मॉड्युलरची कल्पनाच मुळात तशा घरासाठी निघाली. १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सव्वासहा फूट रुंद आणि जेमतेम सव्वाअकरा फूट लांब. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं अरुंद किचन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कामात पावलं किती पडतात, हात किती लांब जातो याचा हिशेब करून त्यांनी प्रत्येक वस्तूला खण दिला. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. आजच्या कॅटलॉगमधल्या सलग ओट्याची आणि मापातल्या कपाटांची वंशावळ तिथपर्यंत जाते. पण तो हिशेब एकट्या बाईचा, छोट्या घराचा आणि शहरातल्या बाजाराचा. तुमच्याकडे बायका दोन, त्यातली एक बसून काम करणारी. सामान चार महिन्यांचं. आणि गणपतीत चाकरमानी आले की पंगत पंचवीस जणांची. हे सगळं त्या नकाशात बसवायला गेलात तर कुठेतरी फाटणारच.

शुटे-लिहोत्स्कीबाईंची एक सवय मात्र उचला. आधी मोजायचं, मग आखायचं. भिंतीवर एक कागद चिकटवा आणि आठवडाभर, कुठून कुठे फेरी मारली की तिथे एक रेघ ओढा. ओट्यापासून मोरी, ओट्यापासून तांदळाचा डबा, शेगडीपासून मिठाची बरणी, मागल्या दारापासून फ्रिज. नवऱ्यालाही ओढू द्या, तेवढीच त्यांची या विषयात पहिली हालचाल होईल. जिथे रेघा दाट तिथे पैसे घालायचे. माझी पैज मोरीवर आहे.

कारण कोकणातल्या स्वयंपाकघरात दोन प्रकारची कामं असतात, ओली आणि कोरडी. मासे धुणं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या निवडणं, करवंट्या, फणसाचा चीक, चुलीवरची काळी भांडी, ओल्या खोबऱ्याचा चोथा ही ओली कामं. आणि पीठ, डाळी, मसाले, पोहे, पापड यांना ओल अजिबात चालत नाही. जुन्या घरांनी हे भिंत घालूनच वेगळं केलं होतं : ओलं आणि धुराचं पडवीत, कोरडं आत. मुलाच्या आराखड्यात पडवी आत आली की ही दोन्ही कामं एका खोलीत येतात, तीही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात. जागा दीडपट होईल आणि ओल दुप्पट.

मिठाचं उदाहरण घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. रत्नागिरीकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या पुढेच असते. म्हणून बरणीत मिठाला पाणी सुटतं, त्यात तुमची काही चूक नाही. अशा हवेत खोलीत आणखी वाफ आणि ओली फरशी आणलीत, तर बंद कपाटात बुरशी आणखी जोमाने धरेल. उघड्या मांडणीवर निदान वारा तरी लागतो.

माझं मत स्पष्ट आहे : पडवी बंद करू नका, पडवी सुधारा. पहिला पैसा तिथे जाऊ दे. मोरी सध्या जमिनीला असेल, तर एक भाग तसाच ठेवा, बसून धुणाऱ्या माणसासाठी. शेजारी उभ्याने भांडी घासता येतील असा कट्टा बांधा, त्यात खोल आणि रुंद सिंक, गणपतीतला मोठा टोप आडवा मावेल एवढं. जमिनीला उतार हवा, चार फुटांना पाऊण इंच तरी, आणि तो मोरीच्या भोकाकडेच जायला हवा. गवंड्याला हे सांगून विसरू नका, काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा आणि पाणी साचलं तर पैसे देण्याआधी दुरुस्त करून घ्या. फरशी खडबडीत घ्या. ८१ वर्षांच्या बाईंना गुळगुळीत टाइल म्हणजे दवाखान्याची चिठ्ठी. मागल्या दाराचा उंबरा उंच असेल तर तिथे धरायला एक दांडा बसवा. पागोळ्यांचं पाणी उडतं त्या बाजूला कौलांची वळचण दोन फूट पुढे काढा आणि उघड्या बाजूला जाळी लावा, मांजरं आणि कावळे दोन्ही बाहेर राहतील. सांडपाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडायचं असेल तर मोरीच्या तोंडाशी गाळणी ठेवा, म्हणजे खवले आणि भाताची शितं पन्हळीत अडकणार नाहीत.

चुलीबद्दल भाबडेपणा नको. रोजचा स्वयंपाक चुलीवर करणं हे डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईटच, सासूबाईंच्या वयात तर फारच. पण आंघोळीचं पाणी, आठळ्या भाजणं, गणपतीतला मोठा भात, गॅस संपलेली संध्याकाळ, यासाठी ती राहू द्या. फक्त वर धुराडं काढून घ्या आणि लाकडं चुलीपासून दूर, जमिनीपासून वर मांडणीवर रचा. एक गोष्ट पक्की : चुलीच्या आसपास सिलिंडर नको, रिकामाही नको.

आता आत येऊ. तुमची पाठ खोटं बोलत नाही, तो ओटा तुमच्यासाठी बुटकाच आहे. उंची कॅटलॉगमधून घेऊ नका, स्वतःच्या कोपराने घ्या. घरात चप्पल घालत असाल तर ती घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. ती तुमच्या चिरण्या-निवडण्याच्या ओट्याची उंची. पाच फूट एक-दोन इंचांच्या बाईला ती साधारण बत्तीस-तेहतीस इंच येते, आणि बाजारू ओटे चौतीसचे असतात. शेगडीचा भाग याहून थोडा खाली घ्या, कारण शेगडीची स्वतःची उंची आणि वर टोप धरला की हात खांद्यापर्यंत जातो. आणि थापायची, मळायची जागा आणखी खाली, कारण तिथे वजन टाकावं लागतं. तांदळाची भाकरी थापणाऱ्या घरात हे विसरून चालत नाही.

म्हणूनच तो सत्तावीस इंची कडप्पा फोडू नका. पूर्ण नको असेल तर चार फूट ठेवा, खालची जागा मोकळी करा आणि एक बुटकं, पाठ टेकायला असलेलं स्टूल ठेवा. गुडघे आत जातात, कोपर बरोबर उंचीवर येतं. सासूबाईंना पाटावरून उठणं जड जाईल तेव्हा त्या इथे बसून शेंगा सोलतील, तोवर तुम्ही भाकऱ्या थापाल. खोवणी ओट्याच्या कडेला घट्ट बसवता येते, बाजारात तशा मिळतात. त्यांना पाटावरचीच हवी असेल तर पडवीत आहेच.

नव्या ओट्याचा क्रम मागल्या दारापासून लावा : सिंक, मग चिरायला-ठेवायला निदान तीन फूट सलग मोकळी जागा, मग शेगडी, आणि शेगडीपलीकडे उतरवलेला टोप ठेवायला दीड फूट. मधल्या तीन फुटांवर काही म्हणजे काही कायमचं ठेवायचं नाही. मिक्सर नाही, पाण्याचा फिल्टर नाही, केळीचा घड तर नाहीच. ‘ओटा पुरत नाही’ हे गाऱ्हाणं बहुतेक घरांत इथेच मिटतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४० च्या दशकात मांडलेला एक ठोकताळा आहे : सिंक, शेगडी आणि फ्रिज या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज तेरा ते सव्वीस फुटांत असावी. तुमची खोली त्यात आरामात बसते, यू आकाराची गरज नाही, एल पुरतो. मधली जमीन मोकळी राहील. मे महिन्यात तिथेच चटई टाकून बसून कोकमं फोडायची असतात, हे मुलाच्या आराखड्यावाल्याला कोणी सांगितलं नसणार. खिडकीखाली सिंक घ्या, शेगडी नको, पावसाळी वाऱ्यात आच उडते.

खिडकी एकच आहे म्हणता, तर वर बघा. छप्पर कौलारू असेल तर ओट्यावरची दोन कौलं काढून काचेची कौलं बसवा. एवढ्या थोडक्या खर्चात एवढा उजेड दुसरं काही देत नाही. संध्याकाळसाठी वरच्या फळीखाली एलईडी पट्टी, म्हणजे चिरताना स्वतःची सावली हातावर पडणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. मॉड्युलर समुद्राजवळ टिकतं की नाही हे ‘मॉड्युलर’ या नावावर नाही, आतला सांगाडा कशाचा आहे यावर आहे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि डिंक, पाणी लागलं की फुगतात आणि परत बसत नाहीत. सिंकखाली तर ते आणूच नका. प्लायच घ्यायचा तर विक्रेत्याच्या तोंडच्या ‘वॉटरप्रूफ’वर जाऊ नका. फळीवर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्लायचा क्रमांक. एमआर लिहिलेला कमर्शियल प्लाय हवेतला ओलावा थोडाफार सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा आणि पाइपासाठी पाडलेली भोकं बंद केली नाहीत तर पाणी तिथून शिरतं.

मी तुमच्या जागी असते तर ओट्याखाली लाकूड घेतलंच नसतं. कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्यांचे खण करून त्यांना आतून टाइल लावली की वाळवी, पाणी, झुरळं तिन्हींची चिंता कमी. पुढे हवी तर अॅल्युमिनियमच्या चौकटीची जाळीची दारं. यात दोन-तीन ट्रॉल्या सुखाने बसतात, एक ताटवाट्यांना, एक रोजच्या पातेल्यांना, एक कांदे-बटाट्यांना. सबंध भिंतभर ट्रॉल्या घेतल्यात तर खाऱ्या हवेत आधी त्यांचे चॅनेल आणि बिजागरी गंजतात, मग दोन हातांनी ओढायच्या. ट्रॉली ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हवी, २०२ ची नको. २०२ मध्ये निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत ती लवकर डाग धरते. दुकानदार चुंबक लावून दाखवतो त्यावर विसंबू नका, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. ३०४ सुद्धा इथे अधूनमधून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावी लागतेच.

ओट्याला ग्रॅनाइट घ्या. संगमरवर आणि कडप्पा चुनखडीच्या जातीचे, कोकमाचं आगळ, चिंच, लिंबू सांडलं की तिथला गुळगुळीतपणा जातो आणि तो डाग घासून निघत नाही. दुकानातून नमुन्याचा तुकडा आणा, त्यावर लिंबाची फोड तासभर ठेवा आणि मग ठरवा. उजेड कमी असलेल्या खोलीत काळा ग्रॅनाइट घेण्याची फॅशन मला कधी कळलेली नाही.

छतापर्यंतच्या कपाटांना माझा ठाम नकार. रोज लागणारं सगळं गुडघ्याच्या वर आणि डोळ्यांच्या खाली असलं पाहिजे, या वयात स्टुलावर चढून डाळ काढायची नसते. वर जायचं ते फक्त गणपती आणि शिमग्याला निघणारं : मोठे टोप, पराती, पंगतीची ताटं. तेही उघड्या माळ्यावर, उलटं घालून. आणि नैर्ऋत्येचा पाऊस थेट झोडपतो त्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चिऱ्याचा दगड ओल आत आणतो. साठवणीची भिंत माजघराकडची, आतली. तिथेही पाठीमागे दोन बोटं जागा सोडा.

साठवणीचं गणित मे महिन्यात करा, तेव्हाच घरात सगळं एकदम असतं. तांदूळ, कुळीथ, पोहे, मसाल्याची बरणी, आमसुलं, लोणची, पापड, फणसपोळी. यांत्रिक बोटींची मासेमारी साधारण १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून सोडे, सुकट, बोंबीलही. कोरडं धान्य रबरी कडीच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, जाळीच्या कपाटात, आणि त्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, हे जुनं तंत्र मुंग्यांवर अजून चालतं. मीठ आणि आमसुलं पत्र्याच्या डब्यात नकोत, चिनी मातीत किंवा काचेत. सुकी मासळी वेगळ्या हवाबंद डब्यांत आणि शक्यतो आतल्या खोलीबाहेर, नाहीतर पोह्यांना सोड्यांचा वास आणि घरात नवा वाद. डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावं चिकटवा. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आली म्हणजे पुरेशी मोठी.

गॅसचं थोडक्यात. स्वयंपाकाचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. आराखड्यात सिलिंडर बंद कपाटात असेल तर खाली, जमिनीला टेकून जाळी मागा. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वर, आणि नळीवरची तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायची. वायरिंग जुनं असेल तर ट्रॉल्यांच्या आधी ते. अर्थिंग आणि ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, हवाच, ओल्या हातांची खोली आहे ही. मिक्सर, ओव्हन, इंडक्शनसाठी सोळा अँपियरचे दोन-तीन पॉइंट, सिंकपासून लांब. मात्र इंडक्शन म्हणजे गॅस संपल्यावरची सोय, वीज गेल्यावरची नव्हे. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांनी किती दिवस अंधारात काढले ते आठवा. पाटा-वरवंटा मुलाच्या आराखड्यात नसेल, पण तुमच्या पडवीत असू द्या.

हेच प्रश्न घेऊन चिपळूण, रत्नागिरी, अलिबागच्या फ्लॅटमधूनही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. पडवी नसेल तर स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीचा कोपरा ओल्या कामांना द्या, किंवा निदान सिंकच दोन भागांचं घ्या. एक भाग मासळी आणि नारळासाठी. भाड्याच्या घरात भिंतीत काही अडकवू नका, चाकांची स्टीलची मांडणी घ्या, घर बदललं की सोबत येते. चिपळुणात तळमजल्यावर राहत असाल तर २२ जुलै २०२१ च्या पुराची पाण्याची रेघ तुमच्या भिंतीवर कुठे होती ते आठवून त्याखाली प्लाय घालू नका, आणि विजेचे पॉइंट शक्य तितके वर घ्या.

आता तुमच्यापुढे रस्ते तीन. आराखडा आहे तसा करणं : चकचकीत होईल, सासूबाई माजघरात बसतील आणि दोन-तीन पावसाळ्यांनी सिंकखालचा खण बदलावा लागेल. काहीच न करणं : तुमची पाठ मोडेल आणि चिडचिड सासूबाईंवर निघेल. तिसरा, टप्प्यांनी करणं, मी त्याच बाजूची आहे. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की पडवी, मोरी, वायरिंग आणि काचेची कौलं. संक्रांतीनंतर ओटा आणि खण. एप्रिलपर्यंत गवंडी घराबाहेर गेलाच पाहिजे, मेमध्ये आंबे, पाहुणे आणि आगोट यांत कोणालाच त्याच्याकडे बघायला वेळ नसतो. मग एक पावसाळा आणि एक गणपती त्या स्वयंपाकघरात काढा. ट्रॉल्या, शटर, चिमणी यांतलं काय खरंच लागतं ते गौरी-विसर्जनापर्यंत कळेल.

मुलाला नाराज करू नका, त्याने आईच्या पाठीचा विचार केला आहे. त्याला पडवीच्या सिंकचा आणि वायरिंगचा खर्च उचलायला सांगा, आणि गणपतीत आला की त्याच सिंकशी पंगतीची भांडी घासायला उभं करा. उंची बरोबर आहे की नाही ते तोच सांगेल. नवऱ्याला उताराची परीक्षा घेणाऱ्या बादलीचं काम द्या.

आणि मॉड्युलरवाल्याला आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर त्याला लेखी विचारा : सांगाडा कोणत्या प्लायचा, शिक्का कोणता, ट्रॉलीचा ग्रेड कोणता, बिजागरी गंजली तर दुरुस्तीला गावापर्यंत कोण येणार आणि किती दिवसांत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत मोरीचं काम सुरू करायला हरकत नाही.